आंबटाचं पथ्य

मुलांनो, तोंड मिटा आणि जिभेचं टोक दातांच्या मुळांवरून हळूहळू फिरवा. ओलसर, घट्ट लागतं ना? दात जागचा हलत नाही, हिरडी दुखत नाही. म्हणूनच हिरडी नावाचं काही आपल्या तोंडात आहे, याची दिवसभर आठवणही होत नाही. आता असं धरून चला, की ती हिरडी भिजवलेल्या पोह्यासारखी मऊ झाली आहे. भाताचं शीत लागलं तरी तिच्यातून रक्त येतं. आणि हिवाळ्यात नडगीला झालेली जखम चैत्र आला तरी पहिल्या दिवसासारखी उघडीच आहे.

एवढं मनात धरलंत, की माझ्याबरोबर चला. भिवंडी मागे टाकायची, नाशिककडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ खात पडघ्याच्या अलीकडे मोठा रस्ता सोडायचा आणि उजवीकडच्या गाडीवाटेने टेपाडावर चढायचं. तिथे कुडाच्या भिंतींची, कौलारू छपरांची थोडी घरं होती. चौऱ्याहत्तर सालच्या माघात त्या टेपाडाखालच्या माळावर रघू नावाचा एक शेतकरी ऐनाच्या झाडावर चढून फांद्या तोडत होता. खाली त्याची मुलगी मैना पडलेल्या फांद्या ओढून ढीग लावत होती. ती चौथीत होती.

भाताचं रोप टाकायच्या जागेवर आधी पाला, फांद्या आणि शेण पसरून जाळतात. जमीन भाजते, तण मरतं, राखेचं खत होतं. याला राब म्हणतात. राब झाला नाही तर रोप नाही आणि रोप नाही तर पावसात शेताकडे नुसतं बघत बसायचं. म्हणून माघात प्रत्येक घरचा माणूस झाडावर असतो.

“मैने, बाजूला हो गं, मोठी येते,” रघू वरून म्हणाला.

मैना बाजूला झाली. कोयत्याचा घाव बसला, पण फांदीला गाठ होती. कोयता गाठीवरून निसटला आणि रघूच्या डाव्या नडगीत शिरला. तो ओरडला नाही. कोयता खाली टाकून, बुंध्याला मिठी मारून घसरत उतरला आणि झाडाला टेकून बसला. मैनेने डोक्याला बांधलेलं फडकं सोडून त्याच्या पायाला गुंडाळलं. फडक्याचा रंग बदलत गेला.

“आक्काला सांग,” रघू म्हणाला. “धावू नको, पडशील.”

आक्का म्हणजे रघूची थोरली बहीण. रघू लहान असताना आई गेली, तेव्हापासून तिनेच त्याला वाढवला होता. तिचं लग्न कोन गावात झालं होतं. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली आणि या घरच्या चुलीची मालकीण झाली. रघूची बायको आनंदी सकाळच्या एसटीने भिवंडीला जाई आणि एका कारखान्यात कांड्या भरण्याचं काम करी. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसवायची सुताची लहान नळी. दिवसभर त्या नळ्यांवर सूत गुंडाळून ती संध्याकाळी केसांत कापूस घेऊन घरी येई. त्यामुळे कोणी काय खायचं, हे आक्काच ठरवी.

आक्काने जखम धुतली, दगडी पाल्याचा रस पिळला, हळद दाबली आणि जुन्या लुगड्याच्या धडप्याने घट्ट बांधली. मग रघूसमोर बसून तिने पथ्य सांगितलं.

“तोंडाला आंबट लावायचं न्हाय. चिंच न्हाय, कैरी न्हाय, लिंबू न्हाय, ताक न्हाय. पाला वातूळ, तोबी न्हाय. कांदा-मिरची न्हाय. पेज खायाची, मुगाचं पानी प्यायाचं. जखम सुकंपरयंत मी दीन तेवढंच.”

“बरं,” रघू म्हणाला.

“माझ्या हातचंच खाशील?”

“तुझ्याच हातचं खाईन, आक्का.”

आंबट खाल्लं की जखमेत पू होतो, असं तेव्हा बहुतेक घरांत मानत. पण आक्काच्या मनात त्याहून मोठं काहीतरी होतं. तिच्या नवऱ्याच्या, तुळशीरामच्या पायात नांगराचा फाळ घुसला होता. जखम बरी होत आलीशी वाटत असताना त्याने कैरीचं पन्हं मागितलं. आक्काने चोरून करून दिलं. दुसऱ्या दिवशी त्याचा जबडा आवळला, पाठ धनुष्यासारखी वाकली आणि तो गेला. सासरच्यांनी विचारलं, काय दिलंस. तिने खरं सांगितलं. त्या दिवसापासून आक्काने स्वतः आंबट सोडलं. आणि आता भावासाठी तिने आणखी एक ठरवलं: भाऊ जे खाईल तेच आपण खायचं, त्याच्याच टोपातलं. भावाने पेज प्यायची आणि आपण कांदा-भाकर खायची, हे तिला जमणारं नव्हतं.

---

राब मात्र थांबणार नव्हता. उरलेल्या फांद्या शेजारच्या दौलतने तोडून दिल्या. आनंदी रविवारी घरी असे, तेव्हा ती आणि मैना शेण वाहत. एरवी शाळा सुटल्यावर मैना एकटीच पाटी डोक्यावर घेऊन खालच्या दळीवर, म्हणजे राबाच्या तुकड्यावर जाई. तिच्या मानेला रग लागे. वाटेत करवंदीच्या जाळ्या होत्या, आंब्याला बाळकैऱ्या लागल्या होत्या. ती एखादी दगडाने पाडी, फ्रॉकला पुसून खाई, आणि घरी शिरायच्या आधी हौदावर चूळ भरी.

रघू उंबऱ्यात बसून असे. दौलत येता-जाता टोमणा मारी.

“रघ्या, हळद लागली पायाला, आता बाशिंग तेवढं आनतो. बस नवरदेवावानी.”

“तुझ्याच घरची पोरगी बघ मग,” रघू म्हणे. दोघे हसत.

पुढे पुढे रघू हसेनासा झाला. जखमेवर खपली धरे आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओली होऊन निघून जाई. खालचं मांस लाल नव्हतं, निळसर आणि फुगीर होतं. होळी झाली, राब भाजला गेला. धूर टेपाडावर चढला, तेव्हा रघू उंबऱ्यातून धुराकडे बघत होता. आपला राब दुसऱ्याच्या हाताने पेटताना त्याने पहिल्यांदा पाहिला.

एका दुपारी दौलतने त्याच्या ओंजळीत भाजलेले फुटाणे टाकले. “घे, एवढ्यानं आक्का काय मारायची न्हाय.”

रघूने आक्काकडे पाहिलं. फुटाण्यात आंबट काही नव्हतं. तिने मान हलवली. रघूने फुटाणा दाताखाली धरला आणि तसाच थांबला. मग हातावर थुंकला. फुटाणा अख्खाच होता. त्याच्यावर रक्त होतं आणि शेजारी एक दात.

 राहिलेले फुटाणे दौलतने रघूच्या हातातून हळूच काढून घेतले, जसे काही दिलेच नव्हते.

त्याच दिवसांत घरातली शेळी, कवडी, काट्याच्या कुंपणात अडकली होती. तिचा मागचा पाय चांगलाच फाटला होता. मैनेने त्यावर राख लावली. आठवडा उलटला आणि कवडी उड्या मारायला लागली. मैना कवडीचा पाय बघे आणि बापाचा पाय बघे.

चैत्रात आणखी एक गोष्ट झाली. रघूच्या गुडघ्यावर लहानपणचा एक व्रण होता. बैलाने शिंग मारलं होतं, त्याला कित्येक वर्षं झाली होती. तो व्रण लाल झाला आणि एका सकाळी उघडला. जुनी, विसरून गेलेली जखम पुन्हा जखम झाली. मांड्यांवर काळेनिळे डाग आले. त्याला कोणी मारलं नव्हतं.

आक्का हादरली. तिला एकच कारण सुचलं. संध्याकाळी आनंदी दारात आली तशी आक्का तिला आडवी आली.

“हात बघू.”

“काय झालं, आक्का?”

“लोनच्याचा वास येतो तुझ्या हाताला. तूच देतेस त्याला चोरून.”

“मी दुपारी कारखान्यात खाल्लं. बाया डब्यात आनतात, मी त्यांच्यासंगं खाल्लं. यांना कशाला दीन?”

“हात राखेनं घास. मग घरात ये.”

आनंदी दिवसभर उभी राहून आली होती. तिच्या पायांना सूज होती. शेजारच्या बाया ओट्यावरून बघत होत्या. ती हौदावर गेली, राख घेतली आणि कोपरापर्यंत हात घासले. मैनेने पाणी ओतलं. आनंदी रडली नाही. एवढंच म्हणाली, “उद्या खाडा करते. तुझ्या बाला भिवंडीला न्हेते. तू चल आधाराला.”

---

दौलतने तिघांना बैलगाडीने रस्त्यापर्यंत सोडलं. एसटीच्या पायरीवर रघूला चढवताना मागच्या लोकांनी गलका केला. कंडक्टर म्हणाला, “चलो, चलो, जल्दी करो.” रघूने दांडा धरून स्वतःला वर ओढलं. त्याच्या पायाला वास येत होता. शेजारच्या बाकावरचा माणूस उठून पुढे जाऊन बसला. रघू खिडकीबाहेर बघत राहिला.

भिवंडीत उतरल्यावर दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट सुरू झाला. त्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागतं, म्हणून तिघेही गप्प चालले. दवाखान्यातले डॉक्टर मध्यम वयाचे होते. त्यांनी आधी पाय पाहिला, मग गुडघा पाहिला आणि मग म्हणाले, “तोंड उघडा.” हिरडीला त्यांनी लाकडी पट्टी नुसती टेकवली. रक्त आलं.

“जबडा आवळतो का? अंग वाकडं होतं का झटक्याने?”

“न्हाय,” आनंदी म्हणाली.

“मग धनुर्वात नाही. तो मातीतून जखमेत शिरतो, खाण्यातून येत नाही. हे वेगळं आहे. जेवणात काय देता?”

“पेज. मुगाचं पानी.”

“आणखी?”

“तेवढंच. आंबट, पाला सगळं बंद हाय.”

“कधीपासून?”

“लागलं तवापासून. माघापासून.”

 डॉक्टरांनी आनंदीच्या केसांतला कापूस पाहिला. “तुम्ही लूमवर आहात?”

“कांड्या भरते.”

“ताण्याच्या सुताला खळ लावली नाही तर काय होतं?”

आनंदी गोंधळली, पण हे तिला माहीत होतं. “लूमवर चढलं की तटातटा तुटतं. कापड व्हईतच न्हाय.”

“माणसाचं मांस, कातडी, हिरडी हीसुद्धा विणलेलीच असतात. शरीर आतल्या आत सारखं विणत असतं. फाटलं की रफू करतं. पण त्या धाग्याला बळकटी यायला एक गोष्ट लागते. तिला क जीवनसत्त्व म्हणतात, व्हिटॅमिन सी. ती ताज्या फळांत असते, पाल्यात असते, लिंबात, कैरीत, आवळ्यात, हिरव्या मिरचीतसुद्धा. पेजेत नसते. फार शिजवलं, वाळवलं की निघून जाते. यांच्या पोटात ती माघापासून गेलेली नाही. शरीर रफू करतंय आणि धागा तुटतोय. जुनी रफूसुद्धा उसवली, बघा गुडघ्यावर.”

मैना आईच्या मागे उभी होती. तिने विचारलं, “मग कवडीचा पाय कसा बरा झाला? तिला कोनी लिंबू दिलं न्हाय.”

“कवडी कोण?”

“आमची शेळी.”

डॉक्टर तिच्याकडे वळले. “चांगलं विचारलंस. शेळी ते जीवनसत्त्व आपल्या अंगातच तयार करते. कुत्रा करतो, गाय करते. माणसाला ते करता येत नाही. त्याला ते रोज बाहेरून खावं लागतं, आणि फार दिवस साठवूनही ठेवता येत नाही.”

त्यांनी जखम साफ केली, मलम लावलं, इंजेक्शन दिलं. एका कागदी पुडीत पांढऱ्या गोळ्या दिल्या. मग आनंदीला बाजूला घेऊन आवाज खाली आणला. पण खाली आणलेला आवाज मुलांना नेहमीच नीट ऐकू येतो.

“पंधरवडाभर बघा. गोळ्या, लिंबू, शेवग्याचा पाला सुरू करा, जखम भरायला लागेल. पण हाडापर्यंत गेली तर ठाण्याला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. तिथे कदाचित पाय ठेवणार नाहीत.”

---

घरी आल्यावर आक्काने पुडी हातात घेतली. आनंदीने डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. आक्का ऐकत होती, पण तिची नजर गोळ्यांवर होती. तिने एक गोळी जिभेवर ठेवली आणि तिचं तोंड आकसलं. गोळी तिने हातावर थुंकली.

“आंबट हाय,” ती म्हणाली.

“तेच औशद हाय, आक्का.”

“आंबट हाय ही.” आक्काचा आवाज चढला नाही. तो उलट बारीक झाला. “मी एकाला माझ्या हातानं घातलंय आंबट. दुसऱ्याला न्हाय घालनार.” तिने पुडी पदराच्या टोकात बांधली आणि गाठ मारून कमरेला खोचली.

“पाय कापतील त्यांचा,” आनंदी म्हणाली.

“पाय गेला तर मी त्याला पाठीवर घेऊन फिरन. जीव गेला तर कुठं शोधू?”

आनंदी नवऱ्याकडे वळली. “तुमी तरी बोला.”

रघू भिंतीला टेकून बसला होता. बोलताना त्याला हिरड्या दुखत. “मी तिला सबूद दिलाय. तिच्या हातचंच खाईन म्हनून. तिनं मला वाढवलंय, आनंदी. तिच्या म्होरं मी चोरून कसा खाऊ?”

त्या रात्री कोणी नीट जेवलं नाही. तुम्हाला वाटेल, आक्का किती आडमुठी. पण तिच्या जागी उभं राहून बघा. तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, पन्हं दिलं आणि माणूस मेला. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींतली पहिली ही दुसरीचं कारण असते, असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. तसं नसेलही, हे शिकायला फार वेळ लागतो.

सकाळी मैना गोठ्याकडे जात होती. आक्का परसात दगडावर बसून मिश्री लावत होती. तिने चूळ भरली आणि थुंकली. मिश्रीचं पाणी काळं असतं. हे लाल होतं. आक्काने पायाने त्यावर माती लोटली, इकडेतिकडे पाहिलं आणि पदर सावरून उठली. उठताना तिला गुडघ्यावर हात टेकावा लागला. लुगड्याचा काठ वर गेला. पोटरीवर निळे डाग होते, बापाच्या मांडीवर होते तसलेच.

मैना कवडीची दोरी हातात धरून तिथेच उभी राहिली. तिच्या मनात एक एक गोष्ट शेजारी शेजारी येऊन बसत होती.  शाळेत बाईंनी हाक मारली तीही तिला ऐकू आली नाही.

दुपारी आक्का सुपात तांदूळ निवडत होती. सकाळची शाळा सुटल्यावर मैना समोर जाऊन बसली.

“आक्का, तुला कुठं लागलंय?”

“मला? मला काय झालंय?”

“जखम हाय का तुला कुठं?”

“न्हाय गं बाय.”

“मग तुझ्या तोंडातनं रगत का येतं?”

आक्काचा हात सुपात थांबला.

“तुझ्या पोटरीवर बासारखे डाग हायत. तुला लागलेलं न्हाय. आयेनं तुला लोनचं दिलेलं न्हाय. आये लोनचं खाते, तिला काय झालं न्हाय. मी कैऱ्या खाते, करवंदं खाते…” इथे मैना जरा अडखळली, कारण हे आजवर लपवलेलं होतं. “मला काय झालं न्हाय. तू आनि बा एका टोपातलं खाता. तुमा दोघांनाच झालंय.”

आक्का सुपाकडे बघत राहिली. एक खडा तिच्या बोटाखाली होता, तो तिने उचलला नाही.

“आनि दागतर म्हनले,” मैना हळू म्हणाली, “जबडा आवळतो, अंग वाकतं, तो धनुर्वात. तो मातीतनं जखमेत शिरतो. खान्यातनं न्हाय.”

“असं म्हनले?”

“माझ्या म्होरं म्हनले.”

“खान्यातनं न्हाय.”

“न्हाय.”

आक्काने सूप बाजूला ठेवलं. तिची मान खाली होती आणि खांदे हलत होते, पण आवाज येत नव्हता. ती म्हणाली, “मग त्यांनला मी न्हाय…” आणि वाक्य तिथेच राहिलं.  मैना आक्काच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

मग आक्काने कमरेची गाठ सोडली. गाठ घट्ट झाली होती, दातांनी ओढायला गेली तर हिरडी दुखली. मैनेने नखांनी सोडवली.

“आदी माझ्यावर,” आक्का म्हणाली. “मला कायबी झालं, तर त्याला द्यायचं न्हाय. आनंदीला सांग, तवर मला काय बोलू नको म्हनावं.”

आनंदी काही बोलली नाही. पण पंधरवडा सरत चालला होता. ती सकाळी जाताना रघूच्या पायाकडे बघे आणि आल्यावर आधी पायच बघे. आक्काने रोज त्या गोळ्या घेतल्या. गोळी घेतली की ती बाजेवर आडवी पडे आणि जबडा उघडून, मिटून बघे. तुळशीरामचा आवळला तसा आपला आवळतो का, याची ती वाट बघत होती. मैनेला हे कळत होतं. ती पाण्याचा तांब्या भरून बाजेखाली ठेवी आणि कवडीला तिथेच जवळ बांधी.

जबडा आवळला नाही. आठवड्याच्या आतच एका सकाळी मैना परसात गेली, तेव्हा आक्का दगडावर बसली होती. तिच्यासमोर मातीवर चुळेचं पाणी पडलं होतं आणि तिने त्यावर माती लोटली नव्हती. ते काळं होतं. त्यात लाल काही नव्हतं. दोघी त्या काळ्या पाण्याकडे बघत बसल्या.

“कैरी पाडून आन,” आक्का म्हणाली. “गोळ्या आनंदी दील त्याला. कैरी मी देनार.”

पुढे काय झालं, ते सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहणार नाही. रघूचा पाय राहिला. जखम कडांनी आधी लाल झाली, मग भरली. पावसात रोपांच्या आवणीला तो चिखलात उतरला, जरा लंगडतच. गेलेले दात काही परत आले नाहीत. आक्काने दारात शेवगा लावला आणि पथ्य विचारायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती आधी तोंड उघडायला सांगे. पण हे सगळं नंतरचं. आपल्याला त्या दुपारी थांबायचं आहे.

मैना कैऱ्या घेऊन आली; कवडीची दोरी अजून तिच्या हातात होती. आक्काने विळीवर पातळ काप केले आणि मीठ लावलं. घरात तो वास पसरला, जो त्या घरच्या चुलीपाशी आक्का आल्यापासून कधी पसरला नव्हता. रघू भिंतीला टेकून बसला होता. आनंदी दारात उभी होती, त्या दिवशी तिने खाडा केला होता. आक्का भावासमोर बसली. तिने एक काप उचलला.

“खाशील?” ती म्हणाली.

“तुझ्या हातचं,” रघू म्हणाला आणि त्याने तोंड उघडलं.

आक्काचा हात अर्ध्या वाटेवर थांबला. तो पुढे जाईना. मिठाचं पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळत होतं. याच हाताने तिने तुळशीरामला पन्हं दिलं होतं, अशाच दुपारी. रघू तोंड उघडून थांबला होता. 

मैनेने कवडीची दोरी खाली टाकली. ती आक्काच्या बाजूला येऊन बसली. भरलेला हंडा उचलताना खालून दुसऱ्याने हात द्यावा, तसा तिने आपला तळवा आक्काच्या मनगटाखाली लावला आणि तो हात हळूहळू वर उचलत बापाच्या तोंडापर्यंत नेला.